इतरांची लायब्ररी, आपलं सॉफ्टवेअर: ओपन सोर्स लायसन्स तपासण्याची आणि पाळण्याची रीत

एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, प्रोजेक्टमध्ये घ्यायला एक कमांड पुरते. पिपला किंवा एनपीएमला (पायथन आणि जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्या उतरवणारी साधनं) नाव सांगितलं की ती लायब्ररी, तिला लागणाऱ्या आणखी पंधरा-वीस लायब्ऱ्या सोबत घेऊन, येऊन बसते. प्रत्येकीचं स्वतःचं लायसन्स असतं आणि ते तुम्ही वाचलं नाही तरी तुम्हाला लागू होतं.

ओपन सोर्स लायसन्स म्हणजे लेखकाने अटी घालून दिलेली परवानगी. अटी पाळल्या तोवर परवानगी आहे. मोडल्या की तुम्ही दुसऱ्याचा कोड विनापरवाना वापरताय, एवढंच कायद्याला दिसतं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो, म्हणजे कथा-कादंबरीला मिळणारं संरक्षण कोडलाही मिळतं. ‘फुकट दिलेल्या गोष्टीसाठी कोण कोर्टात जातंय?’ असं अजूनही ऐकू येतं. अमेरिकेत ‘जेकबसन विरुद्ध कात्झर’ या खटल्यात मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरवरून वाद झाला आणि २००८ साली फेडरल सर्किट अपील कोर्टाने सांगितलं की अशा लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. फ्रान्समध्ये जीपीएल या कडक अटींच्या लायसन्सवर असलेल्या लासो नावाच्या लायब्ररीच्या वापरावरून २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने ऑरेंज या टेलिकॉम कंपनीला लाखो युरोंची भरपाई द्यायला लावली.

सगळं एकाच उदाहरणावर पाहू. समजा, तुम्हाला स्कॅन केलेली मराठी पीडीएफ मोठ्याने वाचून दाखवणारं विंडोज सॉफ्टवेअर पायथनमध्ये बनवायचंय आणि ते विकायचंय, कोड न देता. शोधाशोध केली की साधारण अशी यादी हाती येते (कोलनपुढे लायसन्सचं नाव; कुठल्याचा अर्थ काय ते पायरी ३ मध्ये):

- पीडीएफची पानं चित्रात बदलायला पायएमयूपीडीएफ: एजीपीएल ३, किंवा पैसे भरून व्यावसायिक लायसन्स
- चित्रातली मराठी अक्षरं ओळखायला टेसेरॅक्ट: अपाची २.०
- मजकूर बोलून दाखवायला ईस्पीक एनजी, ज्यात मराठी आहे: जीपीएल ३ किंवा पुढचं
- आवाजाची एमपी३ फाइल करायला एफएफएमपेग: एलजीपीएल २.१ किंवा पुढचं, पण बिल्ड कसं केलंय त्यावर जीपीएलही
- खिडक्या आणि बटणांसाठी पायक्यूटी: जीपीएल ३, किंवा पैसे भरून व्यावसायिक लायसन्स
- पडद्यावरच्या अक्षरांसाठी नोटो सान्स देवनागरी: ओपन फॉन्ट लायसन्स १.१

सहाही गोष्टी फुकट डाउनलोड होतात आणि सहाही व्यवस्थित चालतात. तरी ही यादी जशीच्या तशी ठेवून कोड बंद असलेलं सॉफ्टवेअर विकता येत नाही. का येत नाही आणि काय बदललं की येतं, ते आता पायरीपायरीने.

पायरी १: सॉफ्टवेअर कुणाच्या हाती जाणार, ते आधी लिहा

लायसन्स वाचण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण बहुतेक अटी ‘वितरण’ झाल्यावर लागू होतात. फक्त तुमच्या ऑफिसात, तुमच्याच कर्मचाऱ्यांसाठी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीएल लायब्ररी बिनधास्त वापरा. कोड कुणाला द्यावा लागत नाही. इन्स्टॉलर, मोबाइल ॲप, उपकरणातलं फर्मवेअर, डॉकर इमेज यातलं काहीही बाहेर गेलं की वितरण झालं. ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट हेही वितरणच, आणि वेबवाले हे हमखास विसरतात. सर्व्हरवर राहणारा कोड मात्र ग्राहकाच्या हाती जात नाही, म्हणून तिथे जीपीएल गप्प राहतं. एजीपीएल राहत नाही. ते बरोबर याच फटीसाठी २००७ मध्ये आणलं गेलं.

पुण्या-मुंबईत क्लायंटसाठी काम करणाऱ्या कंपन्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: क्लायंटला डिलिव्हरी देणं हे वितरण आहे. ‘आम्ही बाजारात काही विकत नाही, फक्त सर्व्हिस देतो’ हा बचाव लागू पडत नाही. तुमच्या डिलिव्हरीत जीपीएल कोड असेल तर क्लायंटला त्याचा पूर्ण सोर्स (मूळ कोड) जीपीएलच्या हक्कांसकट द्यावा लागतो. तो जगजाहीर करायची सक्ती नाही. ज्याला प्रत दिली त्याला सोर्स, एवढीच अट आहे. पण करारात ‘दिलेल्या सगळ्या कोडची मालकी क्लायंटची’ असं कलम बहुधा असतं आणि जीपीएल कोडची मालकी तुम्ही देऊच शकत नाही. म्हणून लायब्ऱ्यांची यादी करारावर सह्या होण्याआधी क्लायंटला दाखवा.

पायरी २: लायसन्स खरोखर वाचा, आणि योग्य जागी

रिपॉझिटरीच्या पानावर उजव्या कोपऱ्यात दिसणारं लायसन्सचं नाव ही फक्त सुरुवात. तपासाचा क्रम असा ठेवा.

आधी मुळाशी असलेली ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपिइंग’ नावाची फाइल उघडा. मग रीडमीमधला लायसन्सचा परिच्छेद पाहा, कारण ‘यातला अमुक फोल्डर वेगळ्या लायसन्सवर आहे’ असं वाक्य तिथेच लपलेलं असतं. मग दोन-चार सोर्स फाइलींच्या माथ्यावरची ओळ बघा. बऱ्याच प्रकल्पांत तिथे एसपीडीएक्स या प्रमाण पद्धतीतलं लायसन्सचं छोटं नाव असतं. जीपीएल असेल तर ‘फक्त २’, ‘२ किंवा पुढचं’ की ‘३’ हे टिपून ठेवा, पुढे लागेल. शेवटी ‘थर्ड पार्टी’, ‘व्हेंडर’, ‘डेटा’ अशा नावांचे फोल्डर असतील तर त्यांत डोकवा.

लायसन्सची फाइलच सापडली नाही तर? तो कोड वापरू नका. लायसन्स नाही याचा अर्थ सगळे हक्क लेखकाकडे राखीव. लेखकाला इश्यू उघडून विचारा. पुष्कळ जण आनंदाने फाइल घालतात. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेला कोडही मोकळा नाही: मे २०१८ नंतरचे तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० वर आहेत. दुव्यासह श्रेय द्यावं लागतं आणि त्यात बदल केलात तर तोही त्याच अटींवर द्यावा लागतो. चार ओळींची कल्पना समजून स्वतः लिहून काढणं केव्हाही सोपं.

मग पोटातल्या लायब्ऱ्या. पायथनमध्ये पिप-लायसन्सेस, नोडमध्ये लायसन्स-चेकर, रस्टमध्ये कार्गो-डेनाय, गोमध्ये गो-लायसन्सेस ही साधनं अख्ख्या डिपेंडन्सी झाडाची, म्हणजे लायब्ऱ्यांना लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्यांची, यादी काढून देतात. मात्र पहिली दोन साधनं मुख्यतः पॅकेजच्या माहितीत लेखकाने जे लिहिलंय तेच दाखवतात. फाइलींच्या आत काय आहे ते हवं असेल तर स्कॅनकोड चालवा. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक फाइलमधला कॉपीराइटचा मजकूर हुडकून काढतो.

पॅकेजची माहिती पुरत नाही याचा धडा रेल्स (रुबी भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) वापरणाऱ्यांना मार्च २०२१ मध्ये मिळाला. फाइलचा प्रकार ओळखणारं माइममॅजिक हे रुबीचं पॅकेज एमआयटी लायसन्सवर होतं. त्यातली प्रकारांची यादी मात्र शेअर्ड-माइम-इन्फो या प्रकल्पातून आलेली होती, आणि तो जीपीएलवर आहे. ही गोष्ट लेखकाच्या लक्षात आणून दिल्यावर त्याने जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या आणि नवी आवृत्ती जीपीएलवर काढली. रेल्सला मार्सेल हे पॅकेज लागत होतं आणि मार्सेलला माइममॅजिक, त्यामुळे जगभरातले रेल्सचे बिल्ड एकदम अडकले. शेवटी मार्सेलनेच माइममॅजिक सोडलं आणि अपाची टिका या प्रकल्पाची यादी घेतली. रेल्स वापरणाऱ्या बहुतेकांनी माइममॅजिकचं नावही तोवर ऐकलं नव्हतं.

दुसरा सापळा वेष्टनाचा. पीडीएफ-टू-इमेज हे पायथन पॅकेज एमआयटीवर आहे, म्हणून पायएमयूपीडीएफऐवजी ते घ्यावंसं वाटतं. पण ते स्वतः पीडीएफ उघडत नाही, पॉप्लर नावाच्या प्रोग्रॅमला काम सांगतं, आणि पॉप्लर जीपीएलवर आहे. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये पॉप्लर घातलंत की जीपीएलच्या जबाबदाऱ्या आल्या. प्रत्येक वेष्टन-पॅकेजखाली खरं काम कोण करतंय ते शोधलंच पाहिजे.

पायरी ३: लायसन्स कोणत्या गटातलं, ते ठरवा

एमआयटी, बीएसडी आणि अपाची २.० हा मोकळा गट. कोड बंद ठेवा, विका, बदला. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर मात्र प्रतीसोबत जायला हवा. अपाचीत थोडं जास्त आहे: बदललेल्या फाइलींवर तशी नोंद करायची आणि मूळ प्रकल्पात ‘नोटीस’ नावाची फाइल असेल तर तिचा मजकूर पुढे द्यायचा. बदल्यात पेटंटची स्पष्ट परवानगी मिळते, जी एमआयटीच्या मजकुरात लिहिलेली नाही.

एमपीएल २.० फाइलपुरतं बांधतं. त्यांच्या फाइलीत बदल केलात तर ती फाइल उघडी ठेवा. शेजारच्या तुमच्या फाइली तुमच्याच.

एलजीपीएल लायब्ररीपुरतं बांधतं. त्याबद्दल पुढच्या पायरीत सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

जीपीएल आणि एजीपीएल हे पूर्ण कॉपीलेफ्ट. लायब्ररीशी जोडून जो प्रोग्रॅम तयार होतो तो अख्खा त्याच लायसन्सवर द्यावा लागतो. एजीपीएलमध्ये नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे.

याखेरीज एक पाचवा प्रकार हल्ली वाढलाय: सोर्स दिसतो, पण लायसन्स ओपन सोर्स नाही. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एसएसपीएल हे लायसन्स आणलं, टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये एमपीएल सोडून बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं. यांत ‘आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा चालवू नका’ छापाच्या अटी असतात. ‘कोड उघडा आहे ना, मग झालं’ असं म्हणून पुढे जाऊ नका. ही लायसन्सं शब्द न् शब्द वाचा.

पायरी ४: लायब्ररी तुमच्या कोडला कशी जोडलीय, ते पाहा

जीपीएलच्या बाबतीत ते बनवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका स्पष्ट आहे: स्टॅटिक लिंक करा (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच मुरवा) वा डायनॅमिक (वेगळ्या फाइलीतून चालताना जोडा), दोन्हींतून एकच जोड-प्रोग्रॅम तयार होतो. पायथनमध्ये इम्पोर्ट करणंही त्यातच आलं. कायदेपंडित डायनॅमिक लिंकिंगवर वाद घालतात, पण नव्या माणसाने स्वतःचं प्रॉडक्ट त्या वादावर उभं करू नये. हा प्रश्न जुना आहे. क्लिस्प या लिस्प भाषेच्या प्रोग्रॅममध्ये जीपीएलवरची रीडलाइन लायब्ररी जोडलेली होती. त्यावरून चर्चा झाली आणि १९९२ मध्ये क्लिस्प जीपीएलवर आलं. रीडलाइनची अट नको असलेले आज बीएसडी लायसन्सची लिबएडिट घेतात.

दोन वेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी कमांड लाइन, पाइप किंवा सॉकेटवरून बोलत असतील तर ते सहसा स्वतंत्र मानले जातात. ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा. मजकूर दिला आणि ध्वनिफाइल घेतली, इतपत देवाणघेवाण ठीक. आतली गुंतागुंतीची डेटा-रचना इकडून तिकडे जात असेल तर नुसतं प्रोसेस वेगळं करून काही साधत नाही. आणि स्वतंत्र असला तरी तो जीपीएल प्रोग्रॅम तुम्ही स्वतःच्या इन्स्टॉलरमधून वाटत असाल तर त्या प्रोग्रॅमचा सोर्स आणि लायसन्स देणं तुमचंच काम.

एलजीपीएलचा सौदा असा: तुमचा कोड बंद राहू दे, पण वापरणाऱ्याला माझी लायब्ररी बदलून, दुरुस्त करून, तुमच्या प्रोग्रॅमबरोबर चालवता आली पाहिजे. याचे तीन परिणाम होतात.

पहिला, डायनॅमिक लिंक करा, म्हणजे डीएलएल किंवा एसओ फाइल वेगळी राहते आणि बदलता येते. स्टॅटिक लिंक केलंत तर तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात, नाहीतर पुन्हा लिंक करणार कशाने? गो आणि रस्टमध्ये पॅकेजं एकाच बायनरीत (चालणाऱ्या तयार फाइलीत) स्टॅटिक जोडली जातात, म्हणून तिथली एलजीपीएल पॅकेजं अडचणीची.

दुसरा, पायथनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरने बांधताना ‘एकच फाइल’ हा पर्याय टाळा. त्यात सगळ्या लायब्ऱ्या एका एक्झीत कोंबल्या जातात आणि वापरणाऱ्याला त्यातली एक बदलणं अवघड होतं. ‘एक फोल्डर’ पर्यायात लायब्ररीच्या फाइली उघड्या दिसतात. खुद्द पायइन्स्टॉलर जीपीएलवर असलं तरी त्याच्या लायसन्समध्ये अपवाद आहे, त्यामुळे त्याने बांधलेला तुमचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही.

तिसरा परिणाम वकिलांच्या टेबलावर सापडतो. वापरकर्ता-कराराच्या तयार नमुन्यांत ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ असं वाक्य जवळपास नेहमी असतं. एलजीपीएल म्हणतं की लायब्ररीतल्या बदलांच्या डीबगिंगसाठी ते करू द्यावं लागेल. हे वाक्य जसंच्या तसं ठेवलंत तर बाकी सगळं नीट करूनही अट मोडली जाते. त्यात तेवढा अपवाद लिहून घ्या.

पायइन्स्टॉलरसारखे अपवाद इतरत्रही आहेत आणि ते माहीत नसल्याने लोक उगाच घाबरतात. जीसीसी या कंपायलरने कंपाइल केलेला प्रोग्रॅम जीपीएल होत नाही, कारण रनटाइम लायब्ररीसाठी वेगळी सूट दिलेली आहे. ओपनजेडीके (जावाची ओपन सोर्स आवृत्ती) जीपीएल २ वर आहे, पण ‘क्लासपाथ’ अपवादामुळे तुमचा जावा प्रोग्रॅम तुमच्याच अटींवर राहतो. जीपीएल दिसलं की आधी त्याखाली अपवाद लिहिलाय का, ते बघायचं.

पायरी ५: यादीवर निर्णय घ्या

आता आपल्या वाचन-सॉफ्टवेअरकडे परत. पहिला आणि सगळ्यात सोपा मार्ग मी आधी सांगतो, कारण बरेच जण त्याचा विचारच करत नाहीत: आपलंही सॉफ्टवेअर जीपीएल ३ वर द्या. अपाची २.० जीपीएल ३ मध्ये चालतं, एलजीपीएल चालतं, एजीपीएल ३ जोडायलाही जीपीएल ३ मध्ये खास परवानगी आहे. सहाच्या सहा गोष्टी तशाच ठेवता येतात. जीपीएल सॉफ्टवेअर विकायलाही बंदी नाही. शाळा, वाचनालयं, दृष्टिहीन वाचक यांच्यासाठी असं काही बनवत असाल तर माझ्या मते हाच रस्ता योग्य.

कोड बंदच ठेवायचा असेल तर एकेक गोष्ट हातात घ्या.

पायएमयूपीडीएफ काढा किंवा त्याचं व्यावसायिक लायसन्स विकत घ्या. पानाचं चित्र करणं एवढंच काम असेल तर पायपीडीएफियम-२ पुरतं. ते अपाची किंवा बीएसडीवर आहे आणि त्याखालचं पीडीएफियमही मोकळ्या गटातलं. फंक्शनची नावं वेगळी असल्याने तेवढा कोड पुन्हा लिहावा लागेल.

टेसेरॅक्ट ठेवा. मराठीचा प्रशिक्षित डेटाही अपाचीवरच आहे. त्याला लागणारी लेप्टोनिका बीएसडी प्रकारची, तिचं लायसन्स सोबत द्यायला विसरू नका.

पायक्यूटीऐवजी पायसाइड घ्या. दोन्ही क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचीच पायथन रूपं, पण पायसाइड एलजीपीएलवर मिळतं. इम्पोर्टच्या ओळी आणि सिग्नल-स्लॉटची नावं बदलली की बराचसा प्रोग्रॅम चालू लागतो. क्यूटीचे सगळे भाग एलजीपीएलवर नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा: क्यूटी चार्ट्स आणि व्हर्च्युअल कीबोर्ड हे जीपीएल किंवा व्यावसायिक लायसन्सवरच आहेत. पायसाइडचं ‘इसेन्शियल्स’ पॅकेज तेवढंच बसवलं की चार्ट्स चुकून आत येत नाही.

एफएफएमपेगचा स्वभाव वेगळा आहे. ते मुळात एलजीपीएल, पण बिल्ड करताना ‘इनेबल-जीपीएल’ दिलं की सगळं जीपीएल होतं, आणि ‘इनेबल-नॉनफ्री’ दिलं तर ती बायनरी कुणाला वाटताच येत नाही. व्हिडिओसाठीचं एक्स२६४ हवं असेल तर जीपीएल अटळ. आपल्याला फक्त एमपी३ करायचंय आणि त्यासाठीची लेम लायब्ररी एलजीपीएलवर आहे, म्हणून जीपीएल पर्यायाची गरजच नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार विंडोज बिल्डमध्ये मात्र तो पर्याय बरेचदा चालू असतो. हातातल्या बायनरीला तिची आवृत्ती विचारा. उत्तरात कॉन्फिगरेशनची लांबलचक ओळ येते, तीत ‘जीपीएल’ आणि ‘नॉनफ्री’ शोधा. दिसलं तर एलजीपीएल बिल्ड शोधा किंवा स्वतः करा, आणि ती ओळ जपून ठेवा. सोर्स देताना लागते.

ईस्पीक एनजी हा खरा पेच, कारण मोकळ्या लायसन्सवर चांगला मराठी आवाज सहज मिळत नाही. लायब्ररी म्हणून जोडलंत तर प्रोग्रॅम जीपीएल ३ होतो. त्याला वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवा: मजकूर आत, ध्वनिफाइल बाहेर, बाकी काही नाही. इन्स्टॉलरमध्ये ते स्वतःच्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या लायसन्ससह राहू द्या आणि त्याचा सोर्स द्या. पायथनमधली उच्चार-पॅकेजं इथे फसवतात. फोनेमायझर हे पॅकेज स्वतःच जीपीएल ३ वर आहे आणि ते ईस्पीकची लायब्ररी तुमच्याच प्रोसेसमध्ये उघडतं. नवीन आवाज-मॉडेलांची काही पॅकेजं एमआयटीची पाटी लावतात आणि आत उच्चारासाठी ईस्पीकच वापरतात. डिपेंडन्सीची यादी पाहिल्याशिवाय घेऊ नका.

फॉन्ट निर्धास्त ठेवा. ओपन फॉन्ट लायसन्सवरचा फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत देता येतो, फक्त एकटा फॉन्ट विकता येत नाही आणि लायसन्सची प्रत सोबत लागते. मुंबईच्या एक टाइपचे अनेक देवनागरी फॉन्ट याच लायसन्सवर आहेत. फॉन्टमध्ये बदल करणार असाल आणि मूळ नाव राखीव ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्या.

एकमेकांशी न पटणाऱ्या जोड्यांपैकी एक तोंडपाठ असू द्या: ‘फक्त जीपीएल २’ आणि अपाची २.० एका प्रोग्रॅममध्ये जोडून वाटता येत नाहीत. ‘जीपीएल २ किंवा पुढचं’ असेल तर ३ निवडून सुटता येतं. पायरी २ मध्ये ती आवृत्ती टिपून ठेवायला सांगितलं ते यासाठी. ‘फक्त २’ आणि ‘फक्त ३’ यांचंही एकमेकांशी जमत नाही.

पायरी ६: डिलिव्हरीत काय काय घालायचं

इन्स्टॉलरमध्ये ‘लायसन्सेस’ नावाचा फोल्डर करा. त्यात प्रत्येक लायब्ररीचा उपफोल्डर: लायसन्सचा पूर्ण मजकूर, कॉपीराइटच्या ओळी, असल्यास नोटीस फाइल. एमआयटीचा मजकूर एकदाच देऊन ‘सगळ्यांना लागू’ म्हणू नका, कारण प्रत्येकाची कॉपीराइटची ओळ वेगळी असते आणि ती नावंच द्यायची असतात. मोकळ्या गटातल्या लेखकाने तुमच्याकडून फक्त एवढंच मागितलंय. ते नाव गाळणं मला तरी अक्षम्य वाटतं.

शेजारी एक साधी यादी ठेवा: नाव, नेमकी आवृत्ती, लायसन्स, कुठून घेतलं, बदल केलाय का, कशी जोडलीय. मोठे क्लायंट हीच यादी एसबीओएम या ठरावीक साच्यात मागतात. सिफ्टसारखं साधन ती काढून देतं.

वेब प्रोजेक्टमध्ये मिनिफायर (कोड आखूड करणारा प्रोग्रॅम) टिप्पण्या उडवतो आणि त्यांबरोबर कॉपीराइटही उडतो. वेबपॅक हे बिल्डचं साधन नेहमीच्या मांडणीत लायसन्सच्या टिप्पण्या वेगळ्या टेक्स्ट फाइलीत काढतं. ती फाइल सर्व्हरवर चढतेय ना, ते बघा. डिप्लॉय स्क्रिप्ट कधीकधी ‘फालतू’ समजून ती वगळते.

जीपीएल-एलजीपीएल लायब्ऱ्यांचा सोर्स हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मूळ प्रकल्पाच्या पानाचा दुवा दिला की झालं, असा समज आहे. तुम्ही वाटलेली बायनरी ज्या सोर्समधून बनली नेमका तोच सोर्स, तुमचे बदल आणि बिल्डच्या स्क्रिप्टसह, द्यायचा असतो. दोन वर्षांनी मूळ पानावर ती आवृत्ती नसली तर जबाबदारी तुमच्यावरच. म्हणून रिलीझच्या दिवशीच सोर्सची संकुचित फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. जीपीएल २ मध्ये सोर्स सोबत न देता लेखी हमी दिली तर ती किमान ३ वर्षं पाळावी लागते. माझा सल्ला: हमीच्या भानगडीत पडू नका, सोर्स बायनरीशेजारीच ठेवा.

घरगुती उपकरण विकत असाल आणि त्यात ३ आवृत्तीचं जीपीएल किंवा एलजीपीएल असेल तर बदललेली लायब्ररी उपकरणात बसवण्याची माहितीही द्यावी लागते. कुलूपबंद फर्मवेअर चालत नाही. सोर्स उघडा झाल्याने काय घडतं याचं सुंदर उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर. २००३ मध्ये त्यातल्या जीपीएल कोडचा सोर्स मागितला गेला, तो मिळाला, आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं ओपन सोर्स फर्मवेअर उभं राहिलं.

आयफोनवर जाणार असाल तर आधीच सावध व्हा. ॲपलच्या स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांच्या विसंगतीवरून व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर जानेवारी २०११ मध्ये तिथून काढलं गेलं. गाभ्याचं लायसन्स बदलून ते २०१३ मध्ये परतलं, आणि त्यासाठी शेकडो लेखकांची संमती गोळा करावी लागली.

पायरी ७: तपासणी बिल्डमध्येच बसवा

एकदा केलेली यादी पुढच्या अपडेटला शिळी होते. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं आणि मे २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला. पीडीएफ बनवणाऱ्या आयटेक्स्ट लायब्ररीने ५ व्या आवृत्तीपासून एजीपीएल घेतलं; आधीच्या कोडवरून निघालेलं ओपनपीडीएफ आजही एलजीपीएल आणि एमपीएलवर आहे. जुन्या आवृत्तीवरचे तुमचे हक्क जात नाहीत, पण आवृत्ती कुलूपबंद केलेली नसेल तर नवी आपोआप आत येते.

लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती बांधून ठेवणारी फाइल, वापरा. चालणाऱ्या लायसन्सची यादी करून ठेवा आणि त्यात न बसणारं किंवा ‘अज्ञात’ काही आलं तर बिल्ड थांबू द्या. न चालणाऱ्यांची यादी करण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या येणारं नवं लायसन्स तुमच्या बंदी-यादीत नसतं. अडलेल्या पॅकेजवर माणसाने निर्णय घ्यावा आणि कारण एका ओळीत लिहून ठेवावं.

चूक झालीच असेल तर

सापडली त्या दिवशी वितरण थांबवा. कोणत्या आवृत्त्या, कुणाकुणाला गेल्या ते काढा. मग दोनच वाटा: अटी पूर्ण करा, म्हणजे सोर्स आणि मजकूर द्या, किंवा लायब्ररी काढून नवी आवृत्ती द्या. जीपीएल ३ इथे उदार आहे. उल्लंघन थांबवल्यावर कॉपीराइटधारकाने ६० दिवसांत कळवलं नाही तर हक्क कायमचे परत मिळतात. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत दुरुस्ती केलीत तरीही मिळतात. जीपीएल २ मध्ये ही सवलत नाही, हक्क आपोआप संपतात, म्हणून तिथे लेखकांशी बोलून परवानगी पुन्हा मिळवावी.

मुदत गेली की काय होतं ते बुद्धिबळाच्या स्टॉकफिश इंजिनावरून दिसलं. त्याच्या लेखकांनी, त्यांचा जीपीएल कोड वापरून उत्पादनं विकणाऱ्या चेसबेस कंपनीचं लायसन्स संपुष्टात आणून २०२१ मध्ये म्युनिकच्या कोर्टात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ च्या तडजोडीत चेसबेसला स्टॉकफिशवर आधारलेली उत्पादनं वर्षभर विकता येणार नाहीत असं ठरलं. नोटीस आली तर उत्तर त्याच आठवड्यात द्या, काय दुरुस्त करताय आणि कधीपर्यंत ते तारखेसह लिहा, आणि मोठा करार अडकलेला असेल तर उत्तर पाठवण्याआधी कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. लेखक बहुतेक वेळा पैसे मागत नाहीत. त्यांना सोर्स हवा असतो आणि आपलं नाव जागेवर हवं असतं.